पोरीची खरी तारीख

मी त्या वाडीवर राहायला गेले तेव्हा माझ्या पिशवीत सहा पेनं, एक शाईपॅड आणि कागदांना भोकं पाडायचं पंचिंग मशीन होतं. टॉर्च विसरले होते. यावरून मी कोण हे कळावं. ठाण्याच्या एका सरकारी कचेरीत आस्थापना शाखेत माझी पस्तीस वर्षं गेली. लोकांची सेवापुस्तकं तपासायची, नाव, हुद्दा, जन्मतारीख जुळते का पाहायचं आणि जुळत नसेल तर फाइल परत पाठवायची. माझ्या टेबलावरून चुकीची तारीख कधी पुढे गेली नाही, असं निरोपसमारंभात साहेब म्हणाले आणि मला ते ऐकून फार बरं वाटलं होतं. आता वाटतं, त्याच दिवशी कुणीतरी माझ्या हातातलं पेन काढून घ्यायला हवं होतं.

निवृत्तीनंतर वर्तकनगरच्या घरात मी एकटी. लग्न केलं नाही, वडील लवकर गेले, आई बरीच नंतर. सगळी कामं सकाळी अकराला संपायची आणि पुढे अख्खा दिवस शिल्लक राहायचा. डोंबिवलीतली एक लहानशी संस्था मुरबाडच्या पुढच्या डोंगरात एका वाडीवरच्या शाळेला मदत करायची. त्यांना वर्षभर तिथे राहणारं माणूस हवं होतं, मुलांचा अभ्यास घ्यायला आणि कागदपत्रं बघायला. कागदपत्रं हा शब्द ऐकला आणि मी हो म्हणून टाकलं.

गणपती झाल्यावर निघाले. कल्याणहून एसटी, मग जीप, आणि जीप जिथे थांबते तिथून पायवाट. मला न्यायला एक बाई आली होती, तिशीची, काटकुळी. तिने माझी पिशवी स्वतःच्या तांदळाच्या गोणीवर ठेवली आणि दोन्ही डोक्यावर घेऊन चालायला लागली. किती लांब आहे, मी विचारलं. "हे काय, इथंच," ती म्हणाली. अर्ध्या तासाने मी पुन्हा विचारलं. पुन्हा "हे काय, इथंच." दीड तासाने मी एका दगडावर बसकण मारली आणि जरा चिडूनच म्हटलं, अहो, नक्की सांगा ना, किती राहिलं. ती गोंधळली. तिला वाटलं होतं की मी थकलेय आणि मला धीर हवाय. मला आकडा हवा होता. आमच्या दोघींचं जे पुढे झालं ते त्या दगडापाशीच दिसायला हवं होतं, पण मी पाणी प्यायले आणि उठले.

वाडी म्हणजे पंचवीसेक घरं, मागे कातळाची भिंत आणि पुढे दरी. शाळा पाचवीपर्यंत, दोन खोल्यांची. तिच्या शेजारच्या खोलीत मी. मला न्यायला आलेली बाई समोरच्याच घरात राहायची, नवरा आणि दोन मुलींसोबत. पहिल्याच संध्याकाळी ती आणि आणखी दोघी न विचारता माझ्या खोलीत आल्या आणि भिंतीला टेकून बसल्या. मी चहा केला, त्या प्यायल्या. बोलणं जवळजवळ नाहीच. मी भात लावला, त्या बघत बसल्या. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या तिघी. तिसऱ्या दिवशी एक आजी नाचणीची भाकरी आणि सुकटीची चटणी घेऊन आल्या आणि मी जेवेपर्यंत हलल्या नाहीत. मी दाराला दोन कुलपं आणि साखळी लावून राहणारी बाई. मला हा उपद्रव वाटला. पाचव्या दिवशी मी समोरच्या बाईला विचारलंच, तुम्हा सगळ्यांचं माझ्याकडे काही काम आहे का.

"नाय ओ बाई," ती म्हणाली. "नवं माणूस हाय. एकलं कसं सोडायचं?"

त्यांनी पाळ्या लावल्या होत्या. नव्या माणसाला तिथे पहिले काही दिवस एकटं ठेवत नाहीत, एवढंच. आई गेल्यावर वर्तकनगरात मी नऊ वर्षं एकटी राहिले होते आणि शेजारी माझं कौतुक करायचे की बाईंचा कुणाला काही त्रास नाही. मला रडू आलं. त्या बायकांना त्याचंही काही वाटलं नाही, त्या बसून राहिल्या.

पहिल्या महिन्यातलं मला आणखी काय आठवतं तर तिथे कुणी नाही म्हणत नाही. नको असलं तरी "बघू" म्हणतात. आणि वय विचारलं की हसतात. "तुम्हीच लिवा काय ते." सालं तिथे आकड्यांनी ओळखत नाहीत. खालच्या ओढ्यावरचा साकव वाहून गेला ते साल, बिबट्याने आधीच्या गुरुजींचं कुत्रं नेलं ते साल. माझ्यासारखीला हे ऐकून डोक्यात खाज सुटायची.

समोरच्या बाईची थोरली मुलगी पाचवीत होती. वाटीसारखे कापलेले केस, गुडघ्याला कायम काहीतरी लागलेलं. मी पहिल्या दिवशी फळ्यावर भागाकार घातला आणि चुकले. तिने बोटांवर काहीतरी मोजलं आणि मग म्हणाली, "बाई, बाकी तीन उरतंय." अपमान झाला तरी खोटं कशाला बोलू, त्या दिवसापासून ती माझी लाडकी झाली. तिचं पुढे काय होणार हे सगळ्या वाडीला ठाऊक होतं. तिचे आईवडील दिवाळीनंतर शीळफाट्याच्या बाजूला वीटभट्टीवर जायचे ते वैशाख सरेपर्यंत. पाचवीनंतर वर शाळा नव्हती, खालची शाळा जाऊनयेऊन चार तासांवर आणि तिथे राहायची सोय नाही. म्हणजे पाचवी झाली की मुलगी भट्टीवर, धाकटीला सांभाळायला आणि विटा उलथायला. एकच वाट होती. निवासी शाळेची सहावीसाठी परीक्षा असते. त्यात लागली तर बारावीपर्यंत काळजी नाही. गुरुजींनी तिचा अर्ज मी यायच्या आधीच भरून पाठवला होता.

गुरुजी मूळचे नगरकडचे, रोज मुरबाडहून मोटरसायकलने पायथ्याशी येऊन डोंगर चढायचे. भला माणूस. एकदा मी त्यांचं जनरल रजिस्टर मागून घेतलं, निव्वळ सवयीने. पानभर खाली खाली एकच तारीख होती. एक जून. एक जून. एक जून. साल बदलत होतं, तारीख नाही. अख्ख्या वाडीचा एकच वाढदिवस. मी हसले. गुरुजीही हसले. "आईबापांना आठवत नाही, बाई. मग शाळा सुरू व्हायच्या हिशेबाने लिहून टाकायचं. माझीपण एक जूनच आहे."

माझ्या वडिलांचीही एक जूनच होती. कोकणातल्या त्यांच्या मास्तरांनी लिहिलेली, आणि साल दोन वर्षं मागचं. आजी सांगायची की तुझा बाप होळीतला. त्या दोन वर्षांमुळे वडिलांना वेळेआधी घरी बसावं लागलं. धडधाकट माणूस. रोज सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून गॅलरीत बसायचे आणि खालून कामाला जाणाऱ्या लोकांकडे बघायचे. खरी दोन वर्षं संपायच्या आतच ते गेले. मी आस्थापना शाखेत एवढी कडक का होते, याचं कारण मी कधी कुणाला सांगितलं नाही, पण ते हेच होतं.

म्हणून मी ठरवलं की या मुलीची तारीख खरी करायची. एका तरी मुलीची. शाळा सोडल्यावर रजिस्टरमधली तारीख बदलता येत नाही, हा नियम मला पाठ होता, म्हणजे जे करायचं ते याच वर्षात. गुरुजींना म्हटलं. ते म्हणाले, "बघू. आधी परीक्षा होऊ द्या." त्यांचं बघू हे वाडीतलं बघू होतं, हे मला कळलं नाही. मी ते आळसात काढलं.

तिच्या आईला मी तीन दिवस विचारत होते. आधी ती हसण्यावारी नेत राहिली. मी सोडलं नाही. भात कुठवर आलं होतं? पाऊस होता का? सण कुठला जवळ होता? चौथ्या दिवशी ती तांदूळ निवडता निवडता थांबली. "तेरडा फुलला व्हता. हळवं भात कापायला घेतलं व्हतं, मी बांधावरच बसले. दसऱ्याची झेंडूची फुलं आणायला पोरीचा बा खाली गेला व्हता आणि मी एकलीच. नर्सबाई दुसऱ्या दिशी आली, तिनं वहीत लिवलं." ती बोलायला लागली की सगळं आलं, कोण धावत आलं, नाळ कुणी कापली, पोरगी रडली नाही म्हणून पाठीत थापटलं. तिचा चेहरा मी इतका मोकळा कधी पाहिला नव्हता. इतक्या वर्षांत तिला हे कुणी विचारलंच नव्हतं.

मी खालच्या गावच्या आरोग्य उपकेंद्रात गेले. लोखंडी कपाटात जुन्या वह्या होत्या, वाळवी लागलेल्या. दोन दिवस शोधल्यावर सापडलं. आईचं नाव, घरी प्रसूती, मुलगी, वजन, आणि ऑक्टोबरातली एक तारीख, दसऱ्याच्या चार दिवस आधीची. शाळेतल्या एक जूनच्या साडेसात महिने आधीची. मी त्या पानावर हात ठेवून बसले. नोकरीत मी हजारो तारखा पाहिल्या असतील, पण कुठली तारीख बघून मला इतका आनंद झाला नव्हता.

पुढचं काम माझ्या हातचं होतं. प्रतिज्ञापत्र, वहीची साक्षांकित प्रत, अर्ज. गुरुजी आठवडाभर प्रशिक्षणाला गेले होते, तरी त्यांची सही मी आधीच घेऊन ठेवली होती. त्यांनी ती कशी नाकारावी हे न कळून दिली होती, हे मला फार उशिरा उमगलं. हिवाळ्यात तालुक्याहून आदेश आला. मी स्वतः, पट्टी लावून, रजिस्टरमधल्या जुन्या तारखेवर लाल शाईची रेघ मारली आणि वर नवी लिहिली. गुरुजींनी शिक्का मारला.

मुलीला तारीख मिळाली याचा वाडीला केवढा आनंद. ती ज्याला त्याला सांगत सुटली, मी पावसाळ्याच्या आधीची नाय, मी दसऱ्याची. त्या हिवाळ्यात आईबाप भट्टीवर गेले तेव्हा परीक्षेसाठी ती माझ्या खोलीत राहिली. आम्ही दोघी सकाळी अपूर्णांक करायचो आणि दुपारी मी तिच्या केसांतल्या उवा काढायचे. मला मूल नाही. एखादं असतं तर, हा विचार मी आयुष्यभर दारातून परत पाठवला होता, आणि तो त्या खोलीत येऊन बसला. बाकीच्या बायका आपापल्या पोरांना घेऊन येऊ लागल्या. आमचीबी तारीख शोधा, बाई. मी नावांची यादी केली.

मुलगी परीक्षेत पास झाली. पूर्ण तालुक्यातून जी काही मोजकी मुलं लागली त्यांत तिचं नाव होतं. कागद तपासायला ठाण्याला बोलावलं. तेव्हा वैशाख होता. मी मुलीला वरून घेऊन आले, आई शीळफाट्याहून परस्पर आली, हातापायांना विटेची लाल धूळ तशीच. खिडकीमागचे गृहस्थ चाळिशीचे असतील. पट्टी, लाल पेन, नीट लावलेले गठ्ठे. मला तो माणूस बघताक्षणी आवडला.

त्यांनी अर्ज पाहिला. मग शाळेचा दाखला पाहिला. मग पट्टी ठेवून दोन्ही पुन्हा पाहिले.

"मॅडम, अर्जात एक जून आहे. दाखल्यावर ऑक्टोबर."

"दुरुस्ती झाली आहे. आदेश जोडलाय," मी म्हटलं. थोडं ऐटीतच म्हटलं.

"तो बघितला. पण मग ही वयात बसत नाही. दोन महिन्यांनी मोठी ठरते."

मला वाटलं त्यांचा काही घोटाळा होतोय. त्यांनी माहितीपत्रक फिरवून माझ्यापुढे ठेवलं आणि त्यातल्या ओळीवर पेन्सिलचं टोक टेकवलं. जन्मतारीख अमुकपासून अमुकपर्यंत. मी ते पत्रक कधी वाचलंच नव्हतं. अर्ज गुरुजींनी भरला होता ना. पस्तीस वर्षं लोकांना नियम वाचा म्हणून सांगणाऱ्या मी तो एक कागद उघडून पाहिला नव्हता. एक जून असती तर ती आरामात बसत होती.

आणि मग मी असं काही बोलले जे मी जन्मात बोलले नव्हते. मी म्हटलं, "मग एक जूनच धरा ना. अर्जात तीच आहे. सगळ्यांची तीच असते."

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. रागाने नाही. "मॅडम, आदेश तुम्हीच काढून आणलाय. खरी तारीख समोर असताना मी खोटी कशी धरू? तुम्ही माझ्या जागी असता तर धरली असती का?"

नसती धरली. मी फाइल परत पाठवली असती आणि संध्याकाळी शांतपणे जेवले असते. मी वरच्या साहेबांकडे गेले, त्यांच्या वरच्यांकडे गेले, सगळे सभ्यपणे बोलले. दुरुस्तीची दुरुस्ती होत नाही. दुपारी तीनला आम्ही तिघी बाहेर रस्त्यावर उभ्या होतो.

आईला मी मराठीतच सगळं सांगितलं, पण तिला ते एकदम कळलं नाही. पोरगी पास झाली ना? झाली. मग? मग मी पुन्हा सांगितलं. मुलीला पहिल्याच वेळी कळलं होतं. ती एका दुकानाच्या काचेतली घड्याळं बघत उभी होती आणि वळत नव्हती.

वर वाडीवर जाण्यात काही अर्थ नव्हता. आई म्हणाली, हिला इथूनच भट्टीवर नेते. मीही त्यांच्याबरोबर बसमध्ये चढले. मुंब्रा गेल्यावर मी म्हटलं, हिला माझ्याकडे ठेवा, वर्तकनगरात शाळा आहे, मी शिकवते. आई "बघू" म्हणाली. आता मला त्या शब्दाचा अर्थ येत होता. वाडीतली एक मुलगी आधी अशीच कुणाच्या घरी शिकायला म्हणून गेली होती आणि भांडी घासत राहिली होती, हेही मला माहीत होतं. मी पुन्हा विचारलं नाही.

आई खिडकीबाहेर बघत होती. मग माझ्याकडे न बघताच म्हणाली, "मी उगा आठवलं, बाई."

"काय?"

"तुम्ही इचारलं तवा. मला नाय आठवत म्हणायचं व्हतं. आजवर सगळ्यांला तेच सांगत आले. तुम्ही एवढं मायेनं इचारलं नि मी बोलून बसले."

मी म्हटलं, चूक माझी आहे, संपूर्ण माझी, तुमची काही नाही. ती मान हलवत राहिली. पाहुण्याने चूक अंगावर घेतलेली त्यांच्यात चालत नाही. त्या बाईला आयुष्यात एकदाच कुणीतरी तिच्या बाळंतपणाचं विचारलं होतं, आणि आता तिला ती आठवणच गुन्हा वाटत होती. हे मी केलं. कशानेही ते पुसता येणार नाही, आणि मी इथे लिहितेय तेही पुसायला नाही.

शीळफाट्याला उतरलो. ट्रेलर, कंटेनर, धूळ, ऊन. भट्टीकडे जाणारा कच्चा रस्ता तिथून फुटत होता. आईने मुलीची पिशवी डोक्यावर घेतली, त्यात मी दिलेली पुस्तकं होती. ती चार पावलं पुढे जाऊन थांबली, आम्हाला बोलायला वेळ द्यावा म्हणून.

मुलगी माझ्यापुढे उभी राहिली.

"बाई, पुढच्या साली परत परीक्षा दिली तर?"

मी सांगितलं, पुढच्या वर्षी तू आणखी एक वर्षाने मोठी असशील.

तिने मनात बेरीज केली. मला तिचे ओठ हलताना दिसले. "म्हंजे दोन महिन्यांचे चौदा व्हतील."

"हो."

"आणि त्याच्या पुढच्या साली सव्वीस."

"हो," मी म्हटलं. "बरोबर आहे."

ती मान डोलावून आईच्या मागे चालायला लागली.